वायसरकाकांच्या गाडीची गळती

वायसरकाकांना वास येत नाही. हे त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते सांगायची घाई काकांनी कधी केली नाही. लहानपणी ते शिडीवरून उताणे पडले, डोकं फरशीवर आपटलं. खोक भरून आली, पण तेव्हापासून गुलाब आणि गटार त्यांना सारखंच. पुढे माणसानं प्लंबर व्हावं, तर याहून मोठी पात्रता कोणती? बाकीचे कारागीर तुंबलेल्या चेंबरपाशी तोंडाला फडकं बांधून, मान वळवून काम करायचे. काका मात्र खुशाल वाकून, मालकिणीशी गप्पा मारत, कोपरापर्यंत हात घालायचे. लोक म्हणायचे, "कामावर काय श्रद्धा आहे बघा माणसाची!" काका विनयानं मान खाली घालायचे.

"श्रद्धा कसली डोंबलाची," असं आता ते स्वतःच सांगतात. "आंधळ्यानं अंधारात धीट असावं, त्यातला प्रकार. पण लोक कौतुक करतायत तर मध्ये कशाला बोला, म्हणून मी गप्प बसायचो."

वायसरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नळाच्या आतली ती रबरी चकती झिजली की नळ टिपटिपायला लागतो, आणि काकांचं पहिलं निदान ठरलेलं असायचं, "वायसर गेलंय." नळाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग काकांना सवय लागली. पंखा घरघरला तरी वायसर गेलंय, शेजाऱ्याचा गुडघा दुखला तरी वायसर गेलंय. एकदा जावयांचं आणि त्यांच्या साहेबांचं वाजलं, तेव्हाही काकांनी चहाचा घोट घेत हेच निदान केलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. काकूसुद्धा रागावल्या की नवऱ्याचा उल्लेख "आमचे वायसर" असा करायच्या.

गुडघे बोलायला लागले तसं काकांनी मोठी कामं सोडली. जुनी, हक्काची गिऱ्हाइकं तेवढी ठेवली. पण गाडी सोडली नाही. डिझेलवर चालणारी, जुन्या घडणीची, पाठीमागे लांबलचक. मागचं दार उघडून पाईप आत सारले की त्यांची टोकं थेट गिअरच्या दांडीपाशी यायची. गाडी घेतली तेव्हा लेक शाळेत होती, आता लेकीला दिवस गेले होते. मूळचा निळा रंग उन्हानं असा उडाला होता की गाडीच्या कागदांवर 'निळी' लिहिलंय म्हणून निळी म्हणायचं. घरासमोरचा रस्ता उताराचा. गाडी रोज तोंड खाली, शेपूट वर अशी उभी असायची आणि पुढच्या चाकाखाली काका एक वीट सरकवायचे.

लेक गावातच दुसऱ्या टोकाला राहायची. जावयांची नोकरी पाळीची, त्यामुळे तपासणीच्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. काकू मागच्या सीटवर, लेक पुढे. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला लेकीनं गाडीत बसल्या बसल्या काच खाली केली आणि नाकाला रुमाल लावला.

"बाबा, गाडीत डिझेलचा वास येतोय."

"डिझेलची गाडी आहे, मग अत्तराचा येणार का?"

"तसा नाही. खूप येतोय. मळमळतंय मला."

काकांनी समजूतदार आवाज काढला. "अगं, या दिवसांत नाकं तिखट होतात. तुझ्या वेळी तुझ्या आईला तर माझ्या साबणाचासुद्धा वास सहन व्हायचा नाही."

मागून काकू म्हणाल्या, "साबणाचा नाही. तुमचा."

लेक हसली, पण पुढच्या वळणावर तिनं "थांबवा, थांबवा" केलं आणि दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकली. काकांना काळजी वाटली. आता, काळजी वाटली की माणसानं पाणी द्यावं, पाठीवरून हात फिरवावा. काकांनी उपदेश केला. "जरा मन घट्ट करावं माणसानं. इतकं नाजूक राहून कसं चालेल? अजून सगळं पुढेच आहे."

लेकीनं तोंड पुसलं आणि दार ओढून घेतलं. दवाखान्यात बोलली नाही, परतताना बोलली नाही, उतरताना फक्त "येते आई" म्हणाली. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला तो काकूंना. आपण बसनं जाऊ म्हणाली, बाबांना त्रास नको.

"त्रास कसला?" काका फोनच्या दिशेनं ओरडले.

काकूंनी फोन ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "त्रास तिला होतोय. तुम्ही तिला नाजूक म्हणालात. पोर कामावरून बसमध्ये उभी राहून घरी येते, स्वयंपाक करते, आणि तुम्ही तिला नाजूक म्हणालात. गाडीला वास येतोय. मलाही येतो. कधीपासून येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्ही म्हणालात, वायसर गेलं असेल."

काकांना ते आठवलं आणि आठवलं म्हणून जास्तच राग आला. पण राग गिळून विचार करण्याऐवजी त्यांनी गाडीची बाजू घेतली. यावर ते आज स्वतःच कपाळाला हात लावतात. "पोटची पोर एकीकडे, भंगाराच्या भावात जाणारी गाडी एकीकडे, आणि मी वकीलपत्र घेतलं गाडीचं!"

गाडीनं आपल्या वकिलाची लाज राखली नाही. त्याच सुमारास ती सकाळी सुरू व्हायला कुरकुरायला लागली. किल्ली फिरवावी, तर नुसतं खर्र-खर्र-खर्र. शेजारी खिडकीतून डोकावायचे. मग एकदाची एक उचकी, काळ्या धुराचा लोट, आणि गाडी चालू. काका म्हणाले, बॅटरी. बॅटरी चार्ज करून आणली. खर्र-खर्र तेवढंच, फक्त आता जोरात. मग म्हणाले, इंजिन थंडीत तापवणारे ते प्लग गेले असणार. ते बदलले. मग फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी ते हात पुसत घरात यायचे आणि "सापडलं!" म्हणून जाहीर करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गल्लीला कळायचं की सापडलेलं नाही.

शेवटी काकूंनीच चहा देताना विषय काढला. "अहो, गळतंय कुठंतरी."

"काय गळतंय?"

"मला काय ठाऊक काय गळतंय ते. प्लंबर तुम्ही."

हा घाव वर्मी बसला. आयुष्यभर लोकांच्या घरातल्या गळत्या काढल्या, भिंतीतली ओल बघून आतला पाईप कुठं फुटलाय ते सांगितलं, आणि स्वतःच्या दारातली गळती बायकोनं दाखवावी! काकांनी चहा तसाच ठेवला, माळ्यावरून फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, फाडून सपाट केला आणि गाडीखाली सरकवला. सकाळी बघतात तर पुढच्या चाकाजवळ बशीएवढा तेलकट डाग.

बॉनेट उघडलं. इंजिन सगळीकडूनच काळं, चिकट. ओलं कुठलं आणि जुनं मळकं कुठलं, कळेना. दुसरा कोणी असता तर त्यानं नाक जवळ नेलं असतं. काकांनीही सवयीनं नेलं, आणि मग स्वतःचंच हसू येऊन मागे घेतलं. नाइलाजानं त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा येतेस का? तुझं नाक हवंय."

"काय हवंय?"

"नाक! नाक हवंय तुझं!"

समोरच्या घरातले गृहस्थ झाडांना पाणी घालत होते, ते थबकले. काकू पदर खोचून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे चालू इंजिनावर, अंतर राखून, इकडून तिकडे वाकत गेल्या. काका मागे टॉर्च घेऊन. "इथं?" "नाही." "इथं?" "थोडा." "आणि इथं?" काकूंनी झटकन तोंड फिरवलं. "इथं! अहो, इथं तर भपकाच आहे! इतक्या दिवसांत तुम्हाला कळलं नाही?"

"कसं कळणार? लग्नाच्या आधीच सांगितलं होतं तुला."

"ते भाजी करपल्याचं कळत नाही, एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं, सोयच आहे."

काकूंनी दाखवलेल्या जागी करंगळीएवढ्या जाडीच्या बारक्या रबरी नळ्या होत्या. इंजिनाला डिझेल फवारणाऱ्या तोट्यांमधून जे जास्तीचं उरतं ते या नळ्यांतून परत टाकीकडे जातं. वरून सुती वेष्टण, आत रबर. काकांनी एक नळी चिमटीत धरून वाकवली तर ती भेगाळलेल्या टाचेसारखी उकलली आणि बोट ओलं झालं. काकांना आनंदाचं भरतं आलं. पाणी असो की डिझेल, शेवटी नळीच! आता गाडी त्यांच्या धंद्यात आली होती.

आणि इथंच माती खाल्ली. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन डिझेलची नळी मागायची, तर काकांना तो कमीपणा वाटला. घरी पडवीत नळ्यांची वेटोळीच वेटोळी टांगलेली. त्यातली एक पारदर्शक, छान मऊ, मापात अगदी बरोबर. पाण्याच्या फिल्टरसाठी आणलेली. "नळीला काय कळतंय तिच्यातून काय जातंय ते?" असं म्हणून काकांनी तुकडे कापले, जुन्या नळ्या काढल्या, नव्या चढवल्या, शिवाय सवयीनं एका सांध्याला पांढरी टेपही गुंडाळली. गाडी सुरू केली. दोन उचक्यांत सुरू! पारदर्शक नळीतून डिझेल वाहताना दिसत होतं, काका ते शोभेच्या कारंज्याकडे बघावं तसे बघत उभे राहिले. मग लेकीला फोन केला. "झालं काम. उद्या तपासणीला गाडीनंच जायचं. काही ऐकायचं नाही मला."

लेक तयार झाली. बापाच्या आवाजातला उत्साह तिला मोडवेना.

अर्धी वाट बरी गेली. लेकीनं काच उघडीच ठेवली होती, पण रुमाल हातातच होता, नाकाला नव्हता. काका डोळ्याच्या कोपऱ्यातून तो रुमाल बघत होते. मोठ्या चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन आचके द्यायला लागलं, एकदा, दोनदा, आणि बंद. बॉनेटच्या फटीतून पांढुरका धूर निघाला. लेक म्हणाली, "बाबा!" आणि रुमाल नाकाला.

काकांनी दोघींना आधी खाली उतरवलं, मग बॉनेट उघडलं. ती छान मऊ पारदर्शक नळी आता पिवळी पडून कोळंबीसारखी आखडली होती. गरम डिझेलनं आणि इंजिनाच्या धगीनं तिचा जीव गेला होता. एक तुकडा तोटीवरून निसटून बाजूला पडला होता आणि सगळं इंजिन डिझेलनं न्हाऊन निघालं होतं. टेपेचं एक टोक सुटून फडफडत होतं. मागे गाड्यांची रांग लागली. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, लग्नाची सजावट कशाला केलीय इंजिनाला?"

दोघातिघांनी धक्का मारून गाडी कडेला लावून दिली. लेकीनं घड्याळ पाहिलं. समोर बसथांबा होता. "आम्ही बसनं जातो, बाबा," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं तशी. काकूंनी काहीच म्हटलं नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते काकांना कळलं.

दोघी बसमध्ये चढल्या. काका गाडीशेजारी पदपथाच्या कठड्यावर बसले, हात तेलकट, मांडीवर पाण्याच्या नळीचा आखडलेला तुकडा. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. एका शिकाऊ कारागिरानं गरम पाण्याच्या लाईनला थंड पाण्याचा स्वस्तातला पाईप जोडला होता. काकांनी त्याला चारचौघांत झापलं होतं, "अरे, आत काय जातंय ते बघून पाईप घ्यायचा असतो! डोकं कुठं गहाण टाकलंयस?" कठड्यावर बसल्या बसल्या काका ते वाक्य मनातल्या मनात स्वतःला म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. शेजारून जाणारी एक बाई दचकून लांबून गेली.

गाडी ओढून घरी आणली. या खेपेला काका सुट्या भागांच्या दुकानात गेले, नाक मुठीत धरून, जे तसंही त्यांच्या काही कामाचं नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसानं तो आखडलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या मेकॅनिकनं बसवलं?"

"होता एक," काका म्हणाले. "त्याला आता मी काम देत नाही."

डिझेलसाठीची वेष्टणाची नळी, मापाच्या क्लिपा असं सगळं आणून त्यांनी आधी इंजिन धुऊन कोरडं केलं, मग एकेक नळी निगुतीनं बसवली. गाडी सकाळी किल्लीसरशी सुरू व्हायला लागली. काका काकूंना हात धरून गाडीपाशी घेऊन गेले. "आता सांग."

काकूंनी पुढे वास घेतला, आत बसून घेतला. "कमी झालाय."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे कमी. गेला नाही."

पूर्वीचे काका असते तर म्हणाले असते, तुझ्या नाकात बसलाय तो, दोन दिवसांत जाईल. या काकांनी निमूटपणे पुन्हा पुठ्ठा घातला. सकाळी पुढच्या चाकाजवळ पुन्हा डाग. लहान, पण डागच. त्यात चढावर गाडी मध्येच दम टाकत होती, ते वेगळंच. दोन दिवस काका बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. सगळ्या नव्या नळ्या पुसून बघितल्या, टिपकागद लावून बघितले. खडखडीत कोरड्या. डाग मात्र रोज सकाळी हजर.

मग त्यांनी उरलेल्या पारदर्शक नळीचा एक वीतभर तुकडा फिल्टरच्या अलीकडे जोडला, नुसता बघण्यापुरता, आणि काकूंना इंजिन चालू करायला सांगून स्वतः डोळे लावून बसले. नळीतून डिझेल आलं, आणि त्याच्यासोबत बारीक बारीक बुडबुडे, मोहरीसारखे. हवा येत होती, आणि ती मागून, टाकीच्या बाजूनं येत होती. म्हणजे भोक मागे. मग डाग पुढे का?

काका उतारावर उभ्या गाडीकडे बघत राहिले. शेपूट वर, तोंड खाली. आणि एकदम त्यांनी स्वतःच्या टाळक्यात टपली मारून घेतली. उभ्या हयातीत त्यांनी गिऱ्हाइकांना जर कुठलं एक वाक्य ऐकवलं असेल तर ते हे, की पाणी जिथं ठिबकतं तिथं गळत नसतं. छतातून पाणी स्वयंपाकघरात पडतं आणि पाईप फुटलेला असतो न्हाणीघरात. पाणी पाईपच्या पोटाला धरून सरपटत येतं आणि वाट संपली की पडतं. हे लोकांना तोऱ्यात सांगणारा माणूस डाग पुढे दिसला म्हणून दोन दिवस पुढेच बघत होता!

"अगं, तुझी पावडर दे," काका घरात येऊन म्हणाले.

"कुठली?"

"तोंडाला लावतेस ती."

काकूंना आता कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. त्यांनी डबा दिला. काकांनी गाडी सपाटीवर आणली, मागून उचलली, जॅकवर न विसंबता खाली लाकडाचे जाड ठोकळे दिले आणि उताणे होऊन आत सरकले. टाकीपासून पुढे जाणारी लोखंडी नळी फडक्यानं पुसली आणि तिच्यावर हातानं पावडर फुंकली. निम्मी पावडर नळीवर बसली, निम्मी डोळ्यांत. मग पडून राहिले. थोड्या वेळानं, मागच्या सीटच्या बरोबर खाली, जिथं नळी एका पट्टीनं तळाला आवळलेली होती तिथं, पांढऱ्या पावडरीवर एक करडा ठिपका उमटला आणि हळूहळू पसरला. पट्टीच्या रबरात वर्षानुवर्षं पाणी साचून नळीला गंज चढला होता. काकांनी पट्टी सोडवली. नळी तिथं बिस्किटासारखी झाली होती, नखानं खरवडली तर भुगा निघाला.

घरात तांब्याची नळी होती. सरळ, चकचकीत, हाताशी. काकांच्या मनात एक क्षणभर आलं, खोटं कशाला बोला. पण चौकातला कठडा आठवला आणि ते पुन्हा दुकानात गेले. तिथं कळलं की तांबं डिझेलला चालतच नाही, डिझेल खराब होतं. काकांनी पोलादी नळी आणि दोन्ही टोकांना लागणारी रबरी जोडणी घेतली.

पुढचं काम मात्र त्यांचं स्वतःचं होतं, त्यात कुणाला काही विचारायला नको होतं. जुनी नळी अख्खी काढून अंगणात ठेवली आणि तिच्याशेजारी बसून नवी तशीच वाकवत नेली. वाकवताना नळी चेपू नये म्हणून वापरायची स्प्रिंग त्यांच्या पेटीत होतीच. इथं थोडी वर, इथं चाकाला वळसा, इथं पुन्हा खाली. हात आपोआप चालत होते, आणि कितीतरी दिवसांनी काकांच्या तोंडून शीळ निघाली. बसवताना जुन्या नळीत उरलेलं डिझेल बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं, तेव्हा शीळ थांबली, पण नळी मुकाट जागेवर बसली. प्रत्येक पट्टीखाली नवं रबर घातलं. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून आतली हवा काढली. बुडबुडे आधी दाट आले, मग विरळ, मग एखाददुसरा, आणि मग नुसतं डिझेल, मधासारखं. तो पारदर्शक तुकडा काढून त्यांनी तिथं बरोबरची नळी लावली आणि किल्ली फिरवली.

घरात शिरायला गेले तर काकूंनी उंबऱ्यातच अडवलं. "तिथंच थांबा. शर्ट काढा. पँट काढा."

"अगं, बाहेर?"

"तुम्हाला काय कळणार, किती वास येतोय तो! मागच्या अंगणात जा आणि साबण लावून या. दोनदा."

समोरचे गृहस्थ पुन्हा झाडांना पाणी घालत होते. त्या दिवसांत त्यांच्या झाडांची चंगळ झाली.

पुठ्ठा सलग काही सकाळी कोरडा निघाला. काकूंनी गाडीत काचा बंद करून बसून दाखवलं आणि "नाही" म्हणाल्या. तरी काकांचा विश्वास बसेना. दुसरा माणूस अशा वेळी स्वतः एक खोल श्वास घेऊन खात्री करून घेतो. काकांना ती सोय नव्हती. काकूंचा शब्दच खरा मानायचा होता, आणि तसा तो मानायला त्यांनी फार उशीर केला होता.

लेकीला फोनवर सांगायचा त्यांना धीर झाला नाही. ते तिच्या घरी गेले, बसनं. लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं. काकांनी स्वयंपाकघरातला नळ बघितला, न्हाणीघरातला बघितला, गळत नसताना दोन्ही आवळले. बाहेर येऊन खुर्चीवर बसले.

"गाडीला गळती होती," ते म्हणाले. "दोन ठिकाणी. तुला वास येत होता तो खरा होता."

"मला ठाऊक आहे, बाबा."

"तू नाजूक नव्हतीस. मीच ठोंब्या होतो."

लेकीचे डोळे भरले, आणि ते भरलेले असतानाच तिला हसू आलं. "आईनं सांगितलं मला. नाक हवंय, नाक हवंय म्हणून गल्लीत ओरडलात ते."

"ओरडलो ना. शिवाय तिची पावडर संपवली, ते सांगितलं का?"

"तेही सांगितलं."

"आणि ती लग्नाची सजावट?"

"ती तर मी स्वतः बघितली," लेक म्हणाली, आणि मग दोघंही मोकळेपणानं हसले. बसमध्ये चढताना तिला मागे वळून बघावंसं वाटलं होतं, पण बघितलं असतं तर रडू आलं असतं, हे तिनं तेव्हा सांगितलं. काका नळाचं काहीतरी विचारत उठले आणि पुन्हा एकदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

त्यानंतरच्या तपासणीला गाडीच गेली. जाताना लेकीला एकदा मळमळलंच. काकांचा चेहरा खर्रकन उतरला, ते गाडी थांबवून खाली उतरून, गुडघे टेकून तळाशी वाकून बघायला लागले. लेकीनं खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, उठा! गाडीचं काही नाही. हे माझंच आहे!" काकूही म्हणाल्या, "वास नाही हो, शप्पथ नाही." काका गुडघे झटकत उठले, पण पुढचे सगळे खड्डे त्यांनी असे चुकवले की मागचा टेम्पोवाला वैतागून ओलांडून गेला.

दवाखान्यात सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. परतताना लेक आईबापांकडेच राहायला येणार होती. निम्म्या वाटेत तिचं बोलणं हळूहळू तुटत गेलं, मान एका बाजूला कलली आणि तिला झोप लागली. काका तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. घरासमोर गाडी लावली, विटेसाठी आपलं करकरणारं दार उघडलं तर आवाज होईल म्हणून हँडब्रेक घट्ट ओढून तसेच बसून राहिले. काकू मागच्या दारानं हळूच उतरल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

बराच वेळ गेला. लेक जागी झाली, तिनं डोळे चोळले, बाहेर बघितलं.

"पोचलो?"

"केव्हाच."

"मग उठवलं का नाही, बाबा?"

"इंजिन जरा थंड होऊ देत होतो," काका म्हणाले. "डिझेलच्या गाडीला लगेच सोडून जायचं नसतं."